जीडीबीचं छोटं अपडेट: हात लावण्याआधी जुन्याचा ठसा घ्या

जीडीबी म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत काय चाललंय ते दाखवणारा डीबगर. त्याची १४.२ आवृत्ती आमच्या टीमच्या मशीनवर बसवायचं काम माझ्याकडे होतं. दुरुस्तीपुरती आवृत्ती, तेव्हा एका संध्याकाळी उरकून टाकू म्हटलं. सोर्सवरून बिल्ड केलं, आवृत्ती विचारली तर १४.२ आलं, पायथनची एक ओळ चालवून बघितली, तीही चालली. मी निर्धास्त घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या सहकाऱ्याने हाक मारली. "अगं, हा मॅप बघ ना जरा. सकाळपासून डोकं फोडतोय. मेमरी कुठेतरी खराब होतेय."

त्याच्या स्क्रीनवर सी++ मधला एक साधा मॅप प्रिंट केलेला होता. एरवी तिथे 'तीन नोंदी असलेला मॅप' आणि पुढे कंसात प्रत्येक किल्ली आणि तिची किंमत दिसते. त्या दिवशी दिसत होता एक हेडर नोड, त्याचा रंग लाल, मग पालक, डावा आणि उजवा असे तीन पॉइंटर, आणि शेवटी नोडची संख्या तीन. किल्ल्या नाहीत, किमती नाहीत. त्याला वाटलं कुणीतरी मॅपवर कचरा लिहिलाय. प्रत्यक्षात मॅप ठणठणीत होता. सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी मॅप आतून लाल-काळ्या झाडाच्या रूपात ठेवते, आणि ते झाड माणसाला वाचता येईल असं मांडणारी प्रिटी-प्रिंटर नावाची पायथन स्क्रिप्ट माझ्या नव्या जीडीबीने उचललीच नव्हती. अर्धा दिवस त्याने नसलेला बग शोधला, आणि तो मी त्याच्या हातात दिला होता.

तेव्हापासून मी छोटं अपडेट वेगळ्या रीतीने करते. दुरुस्तीच्या आवृत्तीत डीबगरचा कोड अगदी थोडा बदलतो. पण तुम्ही तो नव्याने बिल्ड करता तेव्हा त्याला काय काय येतं, तो कुठे बघतो, कुणावर विश्वास ठेवतो हे सगळं पुन्हा ठरतं. तिथेच घोळ होतो. म्हणून जुना डीबगर काय काय करतो याचा ठसा आधी घ्यायचा, मग नव्याचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. खालची रीत त्यासाठीच आहे.

एक सूचना: कमांड, पर्याय आणि मार्ग मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.

नंबर काय सांगतो

जीडीबीच्या नंबरांची पद्धत एकदा समजली की बरेच प्रश्न सुटतात. २०२० मध्ये आलेल्या ९.१ पासून प्रत्येक मोठ्या आवृत्तीची सुरुवात '.१' ने होते, आणि '.२' म्हणजे तिच्यावरची दुरुस्ती. त्याआधी दुरुस्तीला तिसरा आकडा लागायचा, ८.३ वर ८.३.१ असा. मध्येच १४.०.९० असा आकडा दिसला तर ती १४.१ च्या आधीची चाचणी-आवृत्ती, आणि १५.०.५० दिसलं तर ती १५.१ च्या आधीची विकासातली प्रत. टीमच्या मशीनवर या दोन्ही बसवू नका.

'.२' मध्ये नवी कमांड शोधू नका. आणि एक गैरसमज इथेच दूर करते. जीसीसी ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, हा कंपायलर डीबग माहिती (मशीन कोडचा कुठला भाग सोर्सच्या कुठल्या ओळीचा, कुठलं व्हेरिएबल कुठे, याची नोंद) ड्वार्फ ५ या स्वरूपात लिहितो. तुम्ही कंपायलर नवा घेतला, जीडीबी मात्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि आता व्हेरिएबल नीट दिसत नाहीत, अशी अडचण असेल तर त्या जुन्या आवृत्तीची दुरुस्ती चढवून उपयोग नाही. तिथे मोठी आवृत्तीच बदलावी लागते, आणि ते वेगळं, निवांत करायचं काम आहे.

तुमचं जीडीबी डिस्ट्रिब्यूशनच्या पॅकेजमधून आलेलं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पॅकेज सांभाळणारे लोक अनेकदा पुढच्या आवृत्तीतली दुरुस्ती उचलून जुन्याच नंबरात घालतात. आवृत्ती १४.१ च दिसते, पण दुरुस्ती आत आलेली असते. पॅकेजचा चेंजलॉग वाचल्याशिवाय सोर्सवरून बिल्ड करायला बसू नका. कदाचित तुम्हाला काहीच करावं लागणार नाही.

यादी वाचा, आणि मोडलेलं आधी डोळ्यांनी बघा

दुरुस्ती-आवृत्तीच्या घोषणेत सुटलेल्या बगांची छोटी यादी असते. ती पाच मिनिटांत वाचून होते, तरी बहुतेक लोक ती वाचत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. अपडेट करायचं की नाही याचं उत्तर तिथेच असतं. १३.२ च्या यादीत एक नोंद अशी होती की १३.१ हे फ्रीबीएसडी १३.१ वर कंपाइलच होत नव्हतं. फक्त लिनक्सवर काम करणाऱ्याला त्या नोंदीशी काही देणंघेणं नाही. उलट फ्रीबीएसडीवाल्याला दुसरं कारणच नको.

१४.१ आलं डिसेंबर २०२३ मध्ये, १४.२ आलं मार्च २०२४ मध्ये. १४.१ मध्ये 'लिस्ट' या कमांडला एक छान सोय मिळाली होती: पुढे नुसता टिंब दिला की प्रोग्रॅम सध्या जिथे थांबलाय त्याच्या आजूबाजूच्या ओळी दिसतात, आणि प्रोग्रॅम अजून सुरूच केला नसेल तर 'मेन' फंक्शनची सुरुवात दिसते. पण डीबग माहिती नसलेल्या प्रोग्रॅमवर तीच कमांड दिली की जीडीबी स्वतःच कोसळायचं. १४.२ ने ते सुधारलं. त्याच यादीत आणखी एक क्रॅश होता, प्रोग्रॅम चालू नसताना विशिष्ट प्रकारचं ग्लोबल व्हेरिएबल छापायला गेल्यावर होणारा.

आमच्याकडे बाहेरून आलेल्या, डीबग माहिती काढून टाकलेल्या लायब्ररी आणि बायनरी बऱ्याच असतात. त्यामुळे पहिली नोंद थेट आमच्या कामाची होती. तुमच्या यादीतही अशी एक तरी नोंद सापडायला हवी. सापडली नाही तर घाई करू नका, पुढच्या मोठ्या आवृत्तीसोबत बघा.

सापडली, तर ती अडचण जुन्या डीबगरवर स्वतः घडवून बघा. पाच ओळींचा सी प्रोग्रॅम लिहा, डीबगचा पर्याय न देता कंपाइल करा, वर 'स्ट्रिप' (फंक्शनांची उरलीसुरली नावंही काढून टाकणारी कमांड) चालवा, आणि १४.१ मध्ये उघडून, 'स्टार्टआय' ने सुरू करून पहिल्याच सूचनेवर थांबला की 'लिस्ट .' द्या. डीबगर पडला पाहिजे. पडला की ती बायनरी जपून ठेवा. नव्यावर हीच उघडायची आहे. मोडलेलं आधी बघितलं नसेल तर नंतर 'सुधारलं' असं कशाच्या आधारावर म्हणणार?

जुन्याचा ठसा

आता मुख्य काम. यासाठी मी एक छोटा सी++ प्रोग्रॅम कायमचा जवळ ठेवला आहे. त्यात तीन नोंदींचा एक मॅप आहे, एक व्हेक्टर आहे, आत दुसरं स्ट्रक्चर असलेलं एक स्ट्रक्चर आहे, नुसता वाट बघत बसलेला एक जादा थ्रेड आहे, आणि एकातून एक अशी तीन फंक्शनं जाऊन शेवटी 'अबॉर्ट' होतं. त्याचा कोअर डम्प, म्हणजे पडण्याच्या क्षणी प्रोग्रॅमच्या मेमरीची फाइलीत घेतलेली प्रत, एकदाच काढून ठेवला. सिस्टीमने कोअर लिहिलं नाही तर 'अबॉर्ट'वर थांबून जीडीबीच्याच 'जनरेट-कोअर-फाइल' कमांडने काढता येतं.

चालू प्रोग्रॅमऐवजी कोअर घेण्याचं कारण असं, की कोअरमधले सगळे पत्ते गोठलेले असतात. तीच फाइल जुन्या आणि नव्या डीबगरने उघडली तर आउटपुट ओळीला ओळ जुळायला हवं. थ्रेडचे आकडे, पॉइंटरच्या किमती, सगळं तेच. डिफ, म्हणजे दोन फाइलींतला फरक, काढला की जे वेगळं आहे तेवढंच वर येतं. मात्र ज्या मशीनवर आणि ज्या लायब्ररींसोबत ते कोअर तयार झालं तिथेच ते उघडा. एक्झिक्युटेबल पुन्हा कंपाइल केलं असेल तर कोअर या फाइलशी जुळत नसावं असा इशारा येतो. तो दिसला की पुढचं सगळं आउटपुट निरुपयोगी समजा.

जीडीबी '--बॅच' या पर्यायाने चालवायचं आणि प्रत्येक कमांड वेगळ्या '-इएक्स' ने द्यायची. आधी मी सगळ्या कमांड एका फाइलीत लिहून ती फाइल देत असे. पण कमांडच्या फाइलीत एका ओळीला चूक निघाली की जीडीबी उरलेली फाइल सोडून देतं, आणि ठसा अर्धाच राहतो. '-इएक्स' ने दिलेल्या कमांडचं तसं होत नाही, एक फसली तरी पुढची चालते.

मी या क्रमाने विचारते. आधी 'शो कॉन्फिगरेशन'. हा डीबगर कोणकोणत्या पर्यायांनी बिल्ड केला आहे हे सगळं त्यात येतं: पायथन आहे का, एक्सएमएल वाचणारी एक्सपॅट लायब्ररी आहे का, दाबून ठेवलेली माहिती उलगडणारी एलझेडएमए, नेटवर्कवरून डीबग माहिती आणणारी डीबगइन्फोडी. मग 'शो डेटा-डिरेक्टरी', 'शो डीबग-फाइल-डिरेक्टरी' आणि 'शो ऑटो-लोड सेफ-पाथ'. या तीन ओळींमुळे माझा तो अर्धा दिवस वाचला असता, म्हणून त्यांच्याकडे पुन्हा येतेच. मग 'इन्फो ऑटो-लोड' आणि 'इन्फो प्रिटी-प्रिंटर'. त्यानंतर कोअरवरच्या कमांड: 'बॅकट्रेस' (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी, तिची एकेक पायरी म्हणजे फ्रेम), 'थ्रेड अप्लाय ऑल बॅकट्रेस', मग ज्या फ्रेममध्ये मॅप आहे तिथे जाऊन मॅप, व्हेक्टर आणि स्ट्रक्चर प्रिंट, आणि शेवटी 'इन्फो शेअर्डलायब्ररी'.

डीबगइन्फोडी वापरत असाल तर ठसा घेताना ते सुरुवातीलाच '-आयइएक्स' ने बंद करा. नाहीतर नेटवर्क कधी लागतं कधी लागत नाही, आणि डिफमध्ये नसत्या गोष्टी येतात. असा ठसा दोनदा घ्या: एकदा '-एनएक्स' देऊन, म्हणजे कुठलीही सुरुवातीची सेटिंग फाइल न वाचता, आणि एकदा तुमच्या नेहमीच्या '.जीडीबीइनिट' सकट. पुढे फरक दिसला तर तो डीबगरचा की तुमच्या सेटिंगचा हे लगेच कळतं.

दोन मजकूर फाइली तयार होतात. नावात आवृत्ती आणि तारीख घाला.

उतरवणं

टारबॉल जीएनयूच्या एफटीपी सर्व्हरवरून घ्या आणि शेजारची '.सिग' फाइलही घ्या. जीएनयूचा कीरिंग एकदा आणून ठेवला की 'जीपीजी --व्हेरिफाय' ने सही तपासता येते. सही बरोबर असल्याची ओळ येते आणि खाली, ही किल्ली विश्वासू सहीने प्रमाणित नाही, असा इशाराही येतो. तो इशारा तुमच्या स्वतःच्या विश्वासाच्या नोंदीबद्दल असतो, फाइल बिघडल्याबद्दल नसतो. सही चुकीची असल्याची ओळ आली तर मात्र फाइल फेकून द्या. डीबगर इतर प्रोसेसच्या मेमरीत हात घालतो. कुठून आला हे माहीत नसलेला डीबगर मशीनवर नको.

कॉन्फिगर: इथेच सगळं ठरतं

सोर्सच्या फोल्डरमध्ये बिल्ड करू नका, शेजारी वेगळा रिकामा फोल्डर करा. '--प्रीफिक्स' ला, म्हणजे जिथे इन्स्टॉल व्हायचं त्या जागेला, आवृत्तीच्या नावाचा फोल्डर द्या, उदाहरणार्थ '/ऑप्ट/जीडीबी-१४.२'. जुन्यावर नवं चढवायचंच नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या.

बिल्डला जीएमपी आणि एमपीएफआर या दोन लायब्ररी त्यांच्या हेडर फाइलींसकट लागतात. त्या नसल्या तर कॉन्फिगर थांबतं आणि तसं सांगतं, म्हणजे तिथे फसायला होत नाही. फसवतात त्या ऐच्छिक गोष्टी. पायथनचा पर्याय मुळात 'ऑटो' असतो. हेडर सापडले तर पायथन घेतलं जातं, नाही सापडले तर हजारो ओळींच्या आउटपुटमध्ये एक इशारा छापून काम पुढे सरकतं. डीबगर बनतो, चालतो, पण त्यात पायथन नसतं. एक्सपॅटचंही तसंच. ते नसलं की रिमोट टार्गेटने एक्सएमएलमध्ये पाठवलेलं स्वतःचं वर्णन जीडीबीला वाचता येत नाही, आणि बोर्डवर डीबग करणाऱ्याला रजिस्टर चुकीचे दिसू शकतात.

यावर उपाय सोपा आहे. जे हवं ते स्पष्ट मागा: '--विथ-पायथन', '--विथ-एक्सपॅट', '--विथ-एलझेडएमए', आणि वापरत असाल तर '--विथ-डीबगइन्फोडी'. स्पष्ट मागितलेली गोष्ट सापडली नाही की कॉन्फिगर चूक दाखवून तिथेच थांबतं. मला थांबणारं कॉन्फिगर हवं असतं. काय मागायचं हे आठवावं लागत नाही, जुन्याच्या ठशातलं 'शो कॉन्फिगरेशन' उघडा आणि त्यातले पर्याय ओळीने उतरवून घ्या.

आता माझी चूक. पायथन तर माझ्या बिल्डमध्ये होतं. तरी प्रिटी-प्रिंटर गेले कुठे?

जीडीबी एखादी लायब्ररी लोड करताना तिच्या नावाची स्क्रिप्ट काही ठरावीक ठिकाणी शोधतं. लायब्ररीच्या शेजारची जागा सोडली तर ती ठिकाणं म्हणजे डीबग-डिरेक्टरी आणि डेटा-डिरेक्टरीतला 'ऑटो-लोड' हा फोल्डर. प्रीफिक्स 'यूएसआर' असतो तेव्हा ही जागा '/यूएसआर/शेअर/जीडीबी/ऑटो-लोड' अशी येते, आणि स्टँडर्ड लायब्ररीच्या पॅकेजने आपले प्रिटी-प्रिंटर नेमके तिथेच ठेवलेले असतात. मी प्रीफिक्स '/ऑप्ट/जीडीबी-१४.२' दिला, त्यामुळे माझं जीडीबी '/ऑप्ट/जीडीबी-१४.२/शेअर/जीडीबी/ऑटो-लोड' मध्ये बघत होतं. तिथे काहीच नव्हतं. आणि न सापडलेल्या गोष्टीबद्दल जीडीबी इशारा देत नाही, कारण बहुतेक लायब्ररींना अशी स्क्रिप्ट नसतेच.

त्याच कारणाने आणखी एक गोष्ट निसटली होती, ती दोन दिवसांनी कळली. सिस्टीम लायब्ररींची वेगळी ठेवलेली डीबग माहिती '/यूएसआर/लिब/डीबग' मध्ये असते. माझं जीडीबी ती स्वतःच्या प्रीफिक्सखालच्या 'लिब/डीबग' मध्ये शोधत होतं. बॅकट्रेसमध्ये सी लायब्ररीच्या फ्रेम आल्या की फंक्शनची नावं दिसायची, पण फाइल आणि ओळ क्रमांक नाही.

म्हणून वेगळ्या प्रीफिक्सवर बिल्ड करताना हे दोन पर्याय विसरू नका. '--विथ-सेपरेट-डीबग-डीर' ला '/यूएसआर/लिब/डीबग' द्या. '--विथ-ऑटो-लोड-डीर' मध्ये मूळची दोन ठिकाणं तशीच ठेवून शेवटी अपूर्णविराम देऊन '/यूएसआर/शेअर/जीडीबी/ऑटो-लोड' जोडा. मूळची ठिकाणं डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या नावांनी लिहिलेली असतात, त्यामुळे हा सगळा भाग एकेरी अवतरणात घाला, नाहीतर शेल ती नावं गिळून टाकतं. सेफ-पाथ (ज्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालवायला हरकत नाही त्यांची यादी) वेगळा दिला नाही तर तो ऑटो-लोडच्या किमतीवरूनच घेतला जातो, म्हणजे एकाच पर्यायात शोधण्याची जागा आणि विश्वासाची जागा दोन्ही बदलतात. ही विश्वासाची यादी उगाच ठेवलेली नाही. आपोआप चालणारी स्क्रिप्ट तुमच्या अधिकारांनिशी काहीही करू शकते. वैतागून सेफ-पाथला नुसती '/' देणारे मी बघितलेत. तसं केलं की कुणाकडूनही आलेल्या फोल्डरमधली स्क्रिप्ट निमूट चालते. हवा तेवढाच फोल्डर जोडा.

डिस्ट्रिब्यूशनची सिस्टीमभर लागू असलेली जीडीबीइनिट फाइल असेल तर तिचा मार्गही '--विथ-सिस्टीम-जीडीबीइनिट' ने द्यावा लागतो.

कॉन्फिगर झालं की 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. गिटमधून घेतलेला सोर्स असेल तर त्यात बिनयूटिल्सही सोबत असतं, तिथे 'मेक ऑल-जीडीबी' आणि 'मेक इन्स्टॉल-जीडीबी' द्या, म्हणजे असेंबलर आणि लिंकर विनाकारण बिल्ड होत नाहीत आणि तुमच्या सिस्टीमच्या लिंकरच्या वाटेत येत नाहीत.

इन्स्टॉल न करता नुसती बायनरी उचलून दुसऱ्या मशीनवर टाकण्याचा मोह टाळा. जीडीबीचा बराचसा भाग आता पायथनच्या फाइलींत आहे आणि त्या डेटा-डिरेक्टरीत राहतात. बायनरी एकटी गेली की पायथनचं जीडीबी मॉड्यूल लोड करता आलं नाही असा इशारा येतो आणि निम्मं पायथन बंद पडतं. न्यायचंच असेल तर पूर्ण फोल्डर न्या. प्रीफिक्सखालचं सगळं एकत्र हललं तर जीडीबी आपली डेटा-डिरेक्टरी बायनरीच्या जागेवरून शोधून काढतं.

तुलना

आता '/ऑप्ट/जीडीबी-१४.२' मधली बायनरी पूर्ण मार्गाने चालवून तोच ठसा पुन्हा घ्या, तेच कोअर, त्याच कमांड, त्याच क्रमाने. मग डिफ.

प्रीफिक्स बदलल्यामुळे मार्गांच्या ओळी वेगळ्या येतील, ते अपेक्षित आहे. 'शो कॉन्फिगरेशन' मध्ये तुम्ही मुद्दाम बदललेलं तेवढंच वेगळं दिसायला हवं. आणि कोअरवरचा भाग, म्हणजे बॅकट्रेस, थ्रेड, मॅप, व्हेक्टर, हुबेहूब तोच हवा. 'इन्फो प्रिटी-प्रिंटर' मध्ये जुन्याकडे स्टँडर्ड लायब्ररीची लांबलचक यादी आणि नव्याकडे जीडीबीच्या अंगच्या दोन-चार ओळी, असं दिसलं तर तुम्ही माझ्याच खड्ड्यात आहात, मागे जाऊन ऑटो-लोडचा पर्याय बघा. ओळ क्रमांक गेले असतील तर डीबग-डिरेक्टरी बघा. मॅपच्या जागी लाल हेडर आला तर कुणाला दाखवूही नका, बिल्ड पुन्हा करा.

मग ती स्ट्रिप केलेली बायनरी उघडा, तशीच 'स्टार्टआय' ने सुरू करा आणि 'लिस्ट .' द्या. डीबग माहिती नाही, त्यामुळे सोर्स दिसणार नाहीच. पण डीबगर उभा राहिला पाहिजे आणि पुढची कमांड विचारली पाहिजे. १४.१ वर तो पडलेला बघितला असेल तर या क्षणी बरं वाटतं, खरंच.

कोअरवर न दिसणारी एक गोष्ट उरते: चालू प्रोसेसला जोडणं. ती स्वतंत्र तपासा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये काहीतरी चालू ठेवा आणि 'अटॅच' करा. परवानगी नाही असं उत्तर आलं आणि जुन्यावर मात्र जोडता येत असेल, तर बहुधा कुणीतरी जुन्या बायनरीला 'सेटकॅप' ने प्रोसेस-ट्रेसिंगचा अधिकार दिलेला आहे. असा अधिकार फाइलीला चिकटलेला असतो, नव्या फाइलीकडे तो आपोआप येत नाही. 'गेटकॅप' चालवून जुन्यावर काय होतं ते बघा आणि तो अधिकार अजून द्यायचा का हे ज्याच्याकडे सुरक्षेचं काम आहे त्याला विचारून ठरवा.

जीडीबी-सर्व्हर (दुसऱ्या मशीनवर किंवा बोर्डवर चालणारा, तुमच्या जीडीबीशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) वापरत असाल तर पहिल्या दिवशी तो बदलू नका. जोडणी होताना दोन्ही बाजू आपापल्याला काय काय येतं हे एकमेकांना सांगतात, त्यामुळे बोर्डवर १४.१ चा सर्व्हर आणि तुमच्याकडे १४.२ असं चालतं. दुरुस्ती सर्व्हरच्याच कोडमधली असेल तर तोही बदलायचा, पण वेगळ्या दिवशी. दोन टोकं एकदम बदलली आणि काही बिघडलं तर कुठे बघायचं तेच कळत नाही.

अदलाबदल

'/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये जीडीबी नावाची सिमलिंक ठेवा आणि ती नव्या बायनरीकडे वळवा. पाथमध्ये हा फोल्डर '/यूएसआर/बिन' च्या आधी येतो ना, तेवढं बघून घ्या. जुना फोल्डर जागच्या जागी असल्यामुळे कुणाचं सत्र चालू असेल तर ते तसंच चालत राहतं. जुन्या फोल्डरवरच नवं चढवलं असतं तर चालू सत्राला मध्येच एखादी पायथन फाइल लागली की नव्या आवृत्तीची मिळाली असती. काही सहकारी एकेका प्रोसेसला तासन्‌तास जोडून बसलेले असतात, त्यांचं सत्र मोडणं मला पटत नाही.

एडिटरमधून डीबग करणाऱ्यांना वेगळं सांगा. त्यांच्या सेटिंगमध्ये डीबगरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असू शकतो, आणि मग सिमलिंक बदलली तरी ते जुनंच वापरत राहतात.

टीमला मी असा निरोप पाठवते:

"जीडीबी १४.१ वरून १४.२ वर आलो. कारण: डीबग माहिती नसलेल्या प्रोग्रॅमवर 'लिस्ट .' दिल्यावर डीबगर पडत होता, ते सुधारलं. नवी कमांड काही नाही. उघडी असलेली सत्रं जुन्यावरच चालू राहतील, बंद करायची गरज नाही. मॅप, व्हेक्टर किंवा बॅकट्रेस कालपेक्षा वेगळं दिसलं तर आपल्या कोडवर संशय घेण्याआधी तीच गोष्ट '/ऑप्ट/जीडीबी-१४.१' मधल्या जीडीबीने बघा, आणि दोन्ही आउटपुट मला पाठवा."

शेवटचं वाक्य मी प्रत्येक वेळी घालते. त्या सहकाऱ्याला ते मिळालं असतं तर सकाळी पाच मिनिटांत त्याला कळलं असतं.

फंक्शन आणि व्हेरिएबलच्या नावांची अनुक्रमणिका जीडीबीने कॅशमध्ये ठेवावी अशी सेटिंग कुणी चालू केली असेल आणि अपडेटनंतर एखादं फंक्शन सापडेनासं झालं, तर होम फोल्डरमधल्या '.कॅश/जीडीबी' मधल्या फाइली काढून टाका. त्या पुन्हा तयार होतात.

जुन्या आवृत्तीचा फोल्डर मी पुढची आवृत्ती बसून स्थिरावेपर्यंत काढत नाही. काढायची वेळ आली की आधी 'एलएसओएफ' ने बघते, त्यातली बायनरी कुणी चालवत तर नाही ना. ठशाच्या फाइली, ते कोअर आणि ती स्ट्रिप केलेली बायनरी मात्र राहतात. पुढच्या '.२' ला तुलना त्यांच्याशीच करायची असते.